सुमतीची बस

पिंकीने शेवटचा भाग आधीच पाहून टाकला आणि तिथून तिच्या जिवाला घोर लागला.

शुक्रवारची दुपार होती. नांदगाव पेठच्या औद्योगिक वसाहतीत एका कापड कारखान्याच्या प्रयोगशाळेत ती कामाला होती. रसायनशास्त्रात एम.एस्सी. केल्यावर वाट्याला आलेलं काम तसं साधं होतं. रंगवलेल्या कापडाचा तुकडा साबणाच्या गरम पाण्यात फिरवायचा, वाळवायचा आणि रंग किती उतरला ते राखाडी पट्टीशी ताडून एक ते पाच आकड्यांत लिहायचं, पाच म्हणजे उतरलाच नाही. साडेतीन असेल तिथे चार लिहायचे नाहीत, एवढी एकच अट. ती अट तिला आवडायची. जेवणाच्या सुट्टीत तिने डबा उघडला, फोन पाण्याच्या बाटलीला टेकवला आणि 'सुमतीची वाट' या मालिकेचा सव्विसावा भाग लावला.

मालिका नव्वद सालातली. कुणा हौशी माणसाने जुन्या कॅसेटवरून ती यूट्यूबवर चढवली होती, सगळे भाग एकदम. पिंकीने ती पहिल्यांदा आईला दाखवली तेव्हा सुंदराबाईंच्या हातातली भाजी निवडायची राहिली. एका रविवारात सगळी मालिका पाहून झाली असती. पण पहिल्याच दिवशी आईने कायदा केला.

"गुरुवारी साडेसातले एक भाग. बस."

"आई, सगळे भाग आहेत इथं. कितीबी पाहता येतात."

"येतात म्हणून पाह्याचे नसतात. आठ दिवस तिच्याबद्दल बोलाचं कवा मंग?"

तेव्हापासून पंचवीस गुरुवार त्यांच्या अमरावतीच्या घरात सात वाजताच स्वयंपाक आटपायचा. टीव्ही हिरव्या रंगाच्या जुन्या लोखंडी पेटीवर ठेवलेला होता, त्याच्यासमोर आई खुर्चीत बसायची, बाबा म्हणजे श्रावणराव दिवाणावर, आणि पिंकी फोनवरून भाग लावून द्यायची. मधल्या आठ दिवसांत सुमतीची सासू, सुमतीचा नवरा, सुमतीचं नर्सिंगचं पत्र कुणी लपवलं, यावर भाजीवालीशीसुद्धा चर्चा व्हायची. आठवड्याला एक भाग पाहिल्याने मालिका सात पटीने मोठी होते, असं पिंकीने मनाशी मांडून ठेवलं होतं. पंचवीस भाग झाले होते. शेवटचा येत्या गुरुवारी. तिला धीर निघाला नाही, एवढाच तिचा गुन्हा.

शेवट तिला आईकडून ऐकून ऐकून पाठ होता. तिलाच काय, नर्स असलेल्या आईच्या हाताखालून गेलेल्या निम्म्या तालुक्याला पाठ असेल. सुमती पेटी घेऊन एसटीच्या थांब्यावर उभी. बस येते. मागून नवरा सायकल दामटत येतो आणि हाक मारतो. सुमती मागे वळून पाहते आणि बसमध्ये चढते. नर्स व्हायला शहरात निघून जाते.

फोनवर एकोणिसाव्या मिनिटाला बस आली. धूळ उडाली. नवऱ्याने हाक मारली. सुमतीने मागे वळून पाहिलं, कंडक्टरकडे पाहिलं, आणि पेटी खाली ठेवली. नवऱ्याने ती सायकलच्या कॅरिअरला बांधली. बस रिकामीच पुढे गेली आणि सायकलच्या मागून चालणाऱ्या सुमतीवर नावं येऊ लागली.

पिंकीने मागे नेऊन पुन्हा पाहिलं. मग तिसऱ्यांदा. डब्यातली पोळी तशीच राहिली.

पहिली शंका तिने स्वतःच काढली. कदाचित दोन शेवट असतील, नंतर पुन्हा दाखवताना बदलला असेल. तिने खालच्या सगळ्या प्रतिक्रिया वाचल्या, एक्केचाळीस होत्या. जालन्याची बाई, वर्ध्याचे निवृत्त मास्तर, लातूरची कुणी. 'सुमती परत गेली तेव्हा आई दोन दिवस जेवली नव्हती.' 'असा शेवट का केला, आजही राग येतो.' एक्केचाळीसपैकी एकानेही सुमतीला बसमध्ये चढताना पाहिलं नव्हतं. ती चढली होती फक्त अचलपूरजवळच्या एका खेड्यात.

त्या खेड्यात तेव्हा सुंदराबाई सून म्हणून नांदत होत्या. दहावी पास झालेल्या, लग्नाला चार वर्षं. अकोल्याला नर्सिंगच्या दीड वर्षाच्या प्रशिक्षणाला निवड झाल्याचं पत्र आलं होतं आणि सोमवारी हजर व्हायचं होतं. सासरे देवमनराव सभेत उभे राहून पोरींना शिकवा म्हणून सांगणारे. पण सुनेने दीड वर्ष एकटीने अकोल्यात राहायचं म्हटल्यावर त्यांनी बोलणंच बंद केलं. हो म्हणेनात, नाही म्हणेनात. गावात टीव्ही एकच, रुई पिंजणाऱ्या कुर्बानभाईंच्या घरी. मालिकेच्या वेळी त्यांच्या पडवीत सगळ्या वस्तीच्या बाया जमायच्या. शेवटचा भाग पाहिला, सुमती बसमध्ये चढली, आणि सोमवारी सुंदराबाईही चढल्या. पेटी तेवढी नवी घेतली आणि सुमतीसारखी हिरवी रंगवली. पुढच्या वर्षी त्या वस्तीत जन्मलेल्या चार मुलींची नावं सुमती ठेवली गेली.

ही गोष्ट पिंकी लहानपणापासून ऐकत आली होती. उपकेंद्रावर तेहतीस वर्षं आई हेच औषध वाटत होती. कुणाची सासू बाळंतपणाला दवाखान्यात नेऊ देत नाही, कुणी पोरीची शाळा सोडवली, की सुंदराबाई सिस्टर ओट्यावर बसून सुमतीची गोष्ट सांगायच्या आणि शेवटी विचारायच्या, "सुमती थांबली का? मंग तुमी काहून थांबून राहिल्या?"

आता ही बाई गुरुवारी खुर्चीत बसून सुमतीला पेटी खाली ठेवताना पाहणार होती.

व्हिडिओ काढून टाकला असं सांगणं सोपं होतं. आईला फोनमधलं काही कळत नव्हतं. पण साडेतीनच्या जागी चार लिहिण्यातलाच तो प्रकार होता. आणि लिहिलं नाही, तर आईच्या उभ्या आयुष्याचा पायाच खोटा, असं तिच्या तोंडावर सांगायचं.

एक गोष्ट मात्र तिला आठवली आणि ती रात्रभर चावत राहिली. पहिल्या भागात सुमतीची पेटी दिसली तेव्हा ती लाल होती.

"यायनं रंग बदलला," आई म्हणाली होती. "हिरवी होती."

"तुमच्या गावचा टीव्ही काळा-पांढरा होता ना वं आई?"

"म्हणून काय झालं? हिरवीच होती."

मग आईने आणखी काय काय रंगवलं होतं?

रविवारी पिंकी अचलपूरच्या एसटीत बसली. कुर्बानभाईंकडच्या खालाची तब्येत पाहून येते, असं घरी सांगितलं. कुर्बानभाई जाऊन आठ वर्षं झाली होती. त्यांची बायको शहाजादी आता मुलाकडे, अजहरकडे, अचलपुरात राहायची. अजहरचं गाद्यांचं दुकान होतं आणि मागच्या खोलीत शहाजादी खाला उशांचे अभ्रे शिवत बसलेली. पिंकीने फोनवर सव्विसावा भाग लावून समोर धरला. खालाने चष्मा लावला, एकदा पडद्याकडे आणि एकदा पिंकीकडे पाहिलं आणि मान फिरवली.

"बंद कर. मले मालूम आहे."

"काय मालूम आहे खाला?"

"थे वापस जाते."

"मंग गावात सगळ्यायनं ते चढताना कसं पाह्यलं?"

"कोनी पाह्यलं? कोनीच नाई पाह्यलं." खालाने सुई अभ्र्यात खोचून ठेवली. "बस आली ना, थ्याच टायमाले लाईट गेली. डीपी जळाली गावची. दोन दिवस अंधार. साठ-सत्तर बाया माह्या पडवीत. सगळ्या माह्याच तोंडाकडं पाहून राहिल्या, जशी लाईट मीच खाल्ली."

"मंग?"

"मंग काय. सकाळी अचलपूरहून माही बहीन येनार होती, तिले विचारून सांगतो म्हणली मी. थे काही आली नाई. आन तुही माय सकाळी सातले दारात. म्हणे, काय झालं वं शहाजादी, समजलं का? आता सांग पोरी, आपल्या घरी पाहुना जेवाले बसला आन अर्धं ताट झाल्यावर सालन संपलं, तं त्याले असंच उठवतेत का? कुठून तरी आनून वाढाच लागते. मी म्हणली, चढली. बसमधी चढली."

"असंच?"

"असंच कसं? डोकं चालवलं मी." खाला जरा चिडली. "लाईट गेली तवा पेटी तिच्या हातात होती. खाली ठेवली नव्हती. ज्याले वापस जायाचं, थो पेटी हातात कायले धरून ठेवीन? हात दुखतेत. म्हणून म्हणली, चढली असन."

पिंकीला हसू आलं. जेवढं दिसलं तेवढ्यावरून काढलेला अंदाज होता, आणि वाईट नव्हता. पुढची तीन मिनिटं मिळाली नाहीत, एवढीच त्यात खोट होती.

"तुले सांगतो, ईदले बहीन आली तवा समजलं. पन तवरोक तुही माय अकोल्याले पोचली होती. आता तिले तिथून वापस बोलावू का, म्हणू का सुमती घरी आली, तू बी ये?" खालाने पुन्हा सुई हातात घेतली. "भ्याव मले एकाच मानसाचा होता. तुह्या बापाचा."

"बाबांचा?"

"थो त्या दिवशी कापसाची गाडी घेऊन परतवाड्याले गेला होता. खरेदीत नंबर नाई लागला, दोन दिवस मुक्काम पडला. तिथल्या हॉटेलात टीव्ही होता. त्यानं पुरा भाग पाह्यला. तवा मले नुसता शक होता, थ्यानंच मंग सांगतलं, गंज, धा-पंधरा वर्षानं. तवा तं एक सबद बोलला नाई. मी पंधरा दिवस त्याच्या समोरून गेली नाई."

परतीच्या बसमध्ये पिंकीने हिशोब लावायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. पंचवीस गुरुवार बाबा दिवाणावर बसून होते. शेवट ठाऊक असलेला माणूस इतक्या निवांतपणे शेंगा खाऊ शकतो, हे तिच्या लक्षात आलं नव्हतं.

श्रावणराव अंगणात कढीपत्त्याच्या झाडाला पाणी घालत होते. आई शेजारी गेली होती.

"बाबा, तुमी शेवट पाह्यला होता. परतवाड्याले."

पाणी घालणं थांबलं नाही. "शहाजादी बोलली?"

"हो. मीबी पाह्यला. आईले काय सांगू?"

"काई नको सांगू."

"पण गुरुवारी—"

"गुरुवारी थे पाहीन. तिची मालिका आहे, तिले पाहू दे." त्यांनी बादली उपडी केली. "मी पस्तीस वर्षं चूप बसलो. तुले चार दिवस नाई निघत?"

निघाले चार दिवस, पण कसेबसे. बुधवारी पिंकीने एका तपकिरी कापडाचा आकडा चुकीचा लिहिला आणि साहेबांनी विचारायच्या आत स्वतःच खोडला.

गुरुवारी आईने पुरणपोळ्या केल्या. शेवटचा भाग म्हणजे सणच होता. शेजारच्या आशाबाईंनाही बोलवायचं तिच्या मनात होतं. पिंकीने काहीतरी कारण काढून ते टाळलं. साडेसातला सगळे आपापल्या जागी बसले. सुमतीने पेटी भरली. सुमती पहाटे घराबाहेर पडली. आई ओठांनी तिचे संवाद तिच्या आधी म्हणत होती. थांबा आला. धूळ उडाली, बस आली, नवऱ्याची हाक आली.

"थांबव."

पिंकीने थांबवलं. पडद्यावर सुमती मागे वळून पाहत होती, पेटी हातात.

"इथी लाईट गेली होती," आई म्हणाली. "याच जागी. पुढचं मी कदीच पाह्यलं नाई." एवढं तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. ती हसत नवऱ्याकडे वळली, मग पिंकीकडे. आणि हसणं हळूहळू गेलं.

तेहतीस वर्षं तिने खाटेभोवती उभी असलेली माणसं पाहिली होती. आत काय झालंय ते ठाऊक असूनही न सांगणाऱ्या नातेवाइकांचे चेहरे तिला नवे नव्हते.

"चढत नाई ना थे?"

पिंकीने हातातल्या फोनकडे पाहिलं.

"लाव पुढं."

पिंकीने लावलं. पेटी खाली गेली, सायकलला बांधली गेली, बस निघून गेली. नावं संपेपर्यंत आई पाहत राहिली. कॅमेरामनचं, वेशभूषेचं, आभाराचं. मग म्हणाली, "तुमी पाह्यलं होतं?"

"हो," श्रावणराव म्हणाले.

"कवा?"

"तवाच. परतवाड्याले."

"मंग बोलले काहून नाई?"

श्रावणरावांनी पायाजवळची शेंगांची टरफलं गोळा केली. ती मुठीत धरूनच बोलले.

"तिसऱ्या दिवशी घरी आलो तं तू पेटी भरली होती. माहे दोन सदरे बी धुवून ठेवले होते, मागं काम पडू नये म्हणून. मी काय बोलू?"

आई उठून आत गेली. पुरणपोळ्या झाकलेल्याच राहिल्या.

दोन दिवस ती कामापुरतंच बोलली. टीव्हीवर तिने जुनं लुगडं टाकून ठेवलं. शनिवारी सकाळी पिंकी केस विंचरत होती तेव्हा मागून आईचा आवाज आला.

"चंदा आठवते का तुले? वाडीवरची. दुसरं बाळंतपन. सासू जाऊ देत नव्हती, पोट्टं आडवं होतं. मी तिले सुमतीची गोष्ट सांगतली आन थे गाडीत बसली."

"हो. आठवते."

"खोटं सांगतलं मी तिले."

"चंदा बसली ना पण गाडीत," पिंकी म्हणाली. "ते तं खरं आहे. तिचा पोरगा आता बारावीत आहे."

आई पेटीच्या कडीशी बोटं खेळवत राहिली. त्या कडीजवळचा हिरवा रंग उडून खालचं लोखंड दिसत होतं. पिंकीने सवयीने मनात आकडा दिला, अडीच. पस्तीस वर्षांना तो फार वाईट नव्हता.

"तिच्या गावात लाईट नाई गेली," आई म्हणाली. "सुमतीच्या. आन शहाजादी बी नव्हती तिच्याजवळ. बिचारी." मग म्हणाली, "फोन लाव तिले."

पिंकीने लावून दिला. पलीकडून काय बोलणं झालं ते कळलं नाही. अलीकडचं मात्र सगळ्या गल्लीला कळलं असेल.

"काय वं झूटे… हो, पाह्यलं… हो, वापसच गेली… अवं मरू दे तुहं सालन. तू सवता पाह्यलं का कदी?… नाई ना? मंग गुरुवारी ये. मुक्कामानं ये. अजहरले सांगजो, मी बोलावलं म्हणून."

गुरुवारी दुपारच्या बसने शहाजादी खाला आली. अजहरने सोबत एक नवी उशी पाठवली होती. दोघी दिवसभर गुडघ्यांवर, सुनांवर आणि गोळ्यांच्या भावावर बोलल्या. मालिकेचं नावही निघालं नाही. साडेसातला आईने टीव्हीवरचं लुगडं काढलं. खालाला खुर्चीत बसवलं आणि स्वतः खाली बसली, भिंतीला पाठ लावून, पडवीत बसायची तशी. श्रावणराव शेंगा घेऊन दिवाणावर बसले.

पिंकीने सव्विसावा भाग लावला. बस आली, धूळ उडाली, हाक आली. सुमतीने मागे वळून पाहिलं, आणि आईने उठून भिंतीवरचं बटण बंद केलं. टीव्ही गेला आणि बाहेरच्या रस्त्यावरच्या दिव्याचा तेवढा उजेड खोलीत राहिला.

"गेली लाईट," आई म्हणाली. "सांग आता."

"काय सांगू? समद्यायले मालूम आहे."

"मालूम आहे तं काय झालं? पाहुनी मी हाये. वाढ."

खालाने घसा साफ केला. पिंकीला वाटलं ती आता टाळेल. पण ती खुर्चीत पुढे सरकली आणि तिचा आवाज बदलला, रोजच्यापेक्षा जरा सावकाश झाला.

"बस आली. आन सुमतीनं मागं पाह्यलं. नवरा सायकलवर बसून पाहून राहिला. काईच बोलत नाई. थ्याले वाटलं का आता थांबते, तवा थांबते. कंडक्टर उतरला खाली, त्यानं तिच्या हातची पेटी घेतली, वर टाकली—"

"कंडक्टरनं नाई," आई अंधारातून म्हणाली. "तिनं सवता टाकली."

"तू होती का तिथी?"

"होती," सुंदराबाई म्हणाल्या. "पुढं सांग."